पाउनिचांच्या घरचा दहा नंबर

स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाला, कुणाला आमंत्रण द्यायचे नसते. घरच्या संताचा दिवस सगळ्या गावाला पाठ असतो. ज्याला यायचे तो येतो, आणि जो आला त्याला दारातून परत लावत नाहीत, मग तो गळ्यातला ताईत असो नाहीतर उभा वैरी. यजमानाने त्या दिवशी खुर्चीला टेकायचेसुद्धा नाही. दारात उभे राहायचे, पाहुण्यापुढे अक्रोड घातलेल्या गोड गव्हाचे ताट धरायचे, आलुबुखाराची दारू, राकिया, ओतायची आणि हसतमुखाने विचारपूस करायची. मोरावा नदीकाठच्या त्या गावात आमंत्रणे देऊन स्लावा केलेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

मोमिर पाउनिचला हे दारात उभे राहणे फार आवडायचे. सोळा नोव्हेंबरला त्याच्याकडे इतकी रीघ लागे की शेजारच्या दोन घरांतून खुर्च्या आणाव्या लागत. लोक संत जॉर्जसाठी आलो म्हणायचे, पण यायचे मोमिरसाठी. सत्त्याऐंशी साली कपच्या उपांत्य सामन्यात त्याने बेलग्रेडच्या एका बड्या क्लबला तीस मीटरवरून डाव्या पायाने गोल मारला होता, आणि ओतशाळेच्या कामगारांचा लिवत्स क्लब पहिल्यांदाच अंतिम सामन्यात गेला होता. अंतिम सामना लिवत्स चार-शून्यने हरले, पण ते सांगायची गावात पद्धत नाही. पाउन म्हणजे मोर. आडनावातच मोर असल्यामुळे लोकांना टोपणनाव शोधायचे कष्ट पडले नाहीत. मोरही तसाच होता. गोल झाला की छाती काढून, दोन्ही हात मागे पसरून सगळ्या मैदानाला फेरी मारायचा.

मोमिरचा मुलगा रेल्या त्या गोलनंतर सात वर्षांनी जन्मला, आणि जन्मला तो उजव्या पायाचा. मोमिरने हा दोष सुधारायचे मनावर घेतले. सहा वर्षांच्या पोराच्या डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात आईची घरातली सपात घालून तो त्याला अंगणात उभे करायचा. उजव्याने चेंडू मारला की सपात उडायची आणि बोटे ठेचायची. शेजारी कुंपणाला टेकून बघत बसायचे. बघायचे मोमिरकडे, पोराकडे नव्हे.

एकोणिसाव्या वर्षी लिवत्सने रेल्याला पहिल्या संघात घेतले आणि पाठीवर बापाचा दहा नंबर चढवला. रेल्या खरे तर बचावफळीच्या पुढ्यात उभा राहणारा गडी. समोरच्याच्या पायातला चेंडू काढायचा, जवळच्याला द्यायचा आणि परत आपल्या जागी यायचे, असा मुकाट राबणारा खेळाडू. त्याला आक्रमणात घालणे म्हणजे गवंड्याला गायला बसवणे होते. पण पोस्टरवर ‘पाउनिच, दहा नंबर’ असे छापले की मैदान भरते, हे क्लबच्या अध्यक्षांना कळत होते. पहिले वर्षभर लोकांनी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी गॅलरीतून कुणीतरी ओरडले, “अरे, हा मोर कसला, ही तर लांडोर!” सगळे मैदान हसले आणि ते नाव त्याला चिकटले ते कायमचे.

मग तो हंगेरीत दीड वर्ष खेळला, सायप्रसमध्ये दोन. दोन्हीकडे पहिल्या दिवशी पत्रकारांनी एकच विचारले, वडील कसे आहेत? सायप्रसमध्ये गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आणि त्यानंतर एजंटाने त्याला कझाकस्तानात नेऊन टाकले. तिथे मोमिर पाउनिच कोण हे एकाही माणसाला माहीत नव्हते. प्रशिक्षकाने रेल्याला दोन दिवस पाहिले आणि बचावफळीपुढच्या गड्याचा सहा नंबर हातात ठेवला. रेल्या तिथे तीन हंगाम खेळला. दुसऱ्या हंगामात कर्णधार झाला. बाजारात एक म्हातारी त्याला घोडीच्या दुधाची बाटली द्यायची आणि पैसे पुढे केले की हातावर चापट मारायची. आयुष्यात तो तेवढीच तीन वर्षे सुखी होता, आणि विशेष म्हणजे ते त्याला तेव्हाच कळत होते.

तिसरा हंगाम संपता संपता बापाचा फोन आला. “लिवत्स बुडतंय. गावाला पाउनिच पाहिजे. घरी ये.” मोमिरने जन्मात पहिल्यांदा लेकाकडे काही मागितले होते. रेल्या हुरळून गेला, दुसरे काय! तिथला नवा करार सही न करता टेबलावर ठेवला आणि घरी आला. घरी परत तोच दहा नंबर, परत आक्रमण. तेरा सामन्यांत एक गोल झाला, तोही चेंडू त्याच्या मांडीला लागून आत गेला म्हणून. शिट्ट्या मात्र दर शनिवारी तो मैदानात पाऊल टाकायच्या आधीच सुरू व्हायच्या.

स्लावाच्या दोन दिवस आधी लिवत्स घरच्या मैदानावर तीन-शून्यने हरले आणि शेवटच्या क्रमांकावर गेले. खेळ संपल्यावर पाठीराख्यांनी संघाला उत्तरेकडच्या जाळीपाशी बोलावले. संघ नाक कापले जाईल असा हरला की खेळाडूंनी तिथे जायचे आणि अंगातली जर्सी उतरवून द्यायची, कारण ती घालायची त्यांची लायकी नाही, अशी तिथली रीत. कुणी पोलिसांना बोलावत नाही, कुणी तक्रार करत नाही. पाठीराख्यांचा म्होरक्या बागेर जाळीवर चढून बसला होता. तो आधी रस्त्यावर खोदाईचे यंत्र चालवायचा, त्यावरून पडलेले नाव. दहा जणांनी थंडीत कुडकुडत जर्सी काढल्या आणि जाळीवरून टाकल्या. रेल्याने नाही काढली.

“ए लांडोर, काढ!” बागेर म्हणाला.

“मी नव्वद मिनिटं पळालोय. नाही काढणार.”

“पळायला कुत्रंही पळतं. ती जर्सी तुझ्या बापाची आहे.”

“पाठीवर नाव माझं आहे.”

बागेरला खरोखरच हसू आले. “तुझं? अरे बाळा, ते नाव इथं तू जन्मायच्या आधीपासून आहे.”

रेल्या वळला आणि जर्सीसकट आत गेला. मागून थुंकी आली ती मानेवर पडली.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षक गाव्रा त्याच्याशेजारी बसला. गाव्रा नवा होता, परगावचा होता, आणि म्हणूनच त्याला डोळे होते. “ऐक. हिवाळी सुट्टीला चार सामने उरलेत,” तो म्हणाला. “तेवढे तग धर. वसंतात मी तुला तुझ्या जागी खेळवतो. सहाला. त्या कझाकस्तानातल्या मॅचेस मी बघितल्यात.”

“खरंच बघितल्यात?”

“सात बघितल्या. पण मंगळवारी समिती बसतेय. बागेरची पोरं अध्यक्षांच्या मानगुटीवर बसलीत, तुझा करार मोडा म्हणून. अध्यक्ष तुझ्या वडिलांचा शब्द खाली पडू देणार नाहीत. एक शब्द टाकायला सांग त्यांना. एकच.”

तिसाव्या वर्षी, चिरलेल्या गुडघ्यासह, शेवटच्या क्रमांकावरच्या संघाने हाकललेल्या खेळाडूला पुढे कुणी घेत नाही. हे रेल्याला समजावून सांगायची गरज नव्हती. राहिले तर सगळे राहत होते, गेले तर सगळेच जात होते, आणि मधे बापाचा एक शब्द होता.

स्वतः मागायची त्याची जीभ रेटेना. त्याने आईला सांगितले. रादोय्काने त्याच रात्री नवऱ्याच्या कानावर घातले आणि सकाळी लेकाला म्हणाली, “बोलले मी. बघतो म्हणालेत.” रेल्याने त्या ‘बघतो’चा अर्थ आपल्याला हवा तसा लावून घेतला.

सोमवारी सकाळी पाद्री येऊन गेले, पाव वाइन लावून मोडून झाला, उंच मेणबत्ती पेटली. मोमिर काळा सूट घालून दारात उभा राहिला. साठी उलटली तरी पाठीचा कणा तसाच ताठ. रेल्या घरचा मुलगा म्हणून ताटे फिरवत होता, ग्लास भरत होता. दुपारी बाराच्या सुमाराला अध्यक्ष प्रोकिच आले, कॉफीचे पाकीट आणि वाइनची बाटली रादोय्काच्या हातात दिली आणि मधल्या खुर्चीत बसले. रेल्याने त्यांना डुकराच्या भाजलेल्या मांसाचा चांगला तुकडा वाढला, कोबीची पाने भरून केलेली सारमा वाढली. अध्यक्षांनी मान वर न करता “पुरे, पुरे” म्हटले. बाप अजून बोललेला नाही, बोलला की हे सरळ होतील, असे रेल्याने स्वतःला समजावले.

एक वाजता बागेर आला. बरोबर तिघे जण. चौघांनी केस पाणी लावून बसवलेले, पांढरे शर्ट, बागेरच्या हातात वाइन. पाहुण्यांच्या माना दाराकडे वळल्या. पण आलेल्याला परत लावत नाहीत. रेल्याने गव्हाचे ताट उचलले आणि दोन दिवसांपूर्वी ज्याच्या टोळीने त्याच्या मानेवर थुंकले होते त्याच्यापुढे धरले. बागेरने छातीवर क्रूस काढला, चमचाभर गहू खाल्ला, चमचा पाण्याच्या ग्लासात टाकला. रीतीत काडीचीही चूक नव्हती.

“बस, बागेर,” मोमिर म्हणाला. “पोरांना जागा द्या रे.”

म्हाताऱ्या पाहुण्यांनी सरकून जागा दिली. रेल्याने चौघांचे ग्लास भरले.  कोपऱ्यात मोमिरची थोरली बहीण देसांका बसली होती. ती ऐंशीच्या घरातली आणि तोंडाची फाटकी. ती म्हणाली, “दहा जर्सी गोळा केल्यात, अकरावीसाठी आलात होय? इथं भांडी सोडून काही मिळणार नाही हो.”

लोक हसले. बागेरही हसला, लाजलाही. “नाही हो आजी. आमची काय टाप, मोमिरकाकांच्या घरी असं उगवायची? काकांनी काल फोन केला, या म्हणाले, म्हणून आलो.”

कुणाचा तरी काटा बशीवर वाजला. देसांकाने हातातला ग्लास खाली ठेवला. “बोलावलं? स्लावाला? मोमिर, तू बोलावलंस?”

मोमिरने तिच्याकडे पाहिले नाही. स्वयंपाकघराच्या दारात रादोय्का उभी होती, ती भिंतीला टेकली. रेल्याला सगळे एका दमात कळले. उगाच आलेला माणूस संताचा पाहुणा असतो, पण बोलावून आणलेला माणूस कामासाठी आणलेला असतो. अध्यक्ष आज वर का बघत नाहीत तेही कळले.

“बाबा, जरा बाहेर या,” तो म्हणाला.

यजमानाने दार सोडायचे नसते. मोमिरने सोडले. मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगापाशी दोघे उभे राहिले.

“कशाला बोलावलंत त्यांना?”

“मिटवायला,” मोमिर म्हणाला. “वसंतात उत्तरेच्या गॅलरीला माझं नाव देतायत. ठराव झालाय. त्या गॅलरीत बसतं कोण? ही पोरं. आणि दर शनिवारी तीच पोरं पाउनिचला शिट्ट्या मारतात. पुलापलीकडे ऐकू येतात शिट्ट्या.”

“मला मारतात, बाबा. तुम्हाला नाही.”

“शिट्टीत पहिलं नाव ऐकू येत नाही.”

रेल्याने एक ओंडका उचलला आणि परत ठेवला. “तुम्ही फोन केलात म्हणून मी आलो. तिथं माझं बरं चाललं होतं.”

“केला फोन. चुकलो. वाटलं, इतक्या वर्षांत काहीतरी शिकला असशील.”

“गाव्रा मला वसंतात सहाला खेळवणार आहे. माझ्या जागी. चार सामने फक्त. तुम्ही अध्यक्षांना एक शब्द बोला. मी परत काही मागणार नाही.”

“सहा नंबर!” मोमिरने तोंड वाकडे केले. “दुसऱ्याच्या पायातलं काढायचं आणि तिसऱ्याला द्यायचं. याला कुणी तिकीट काढतं का?”

“मी तीन वर्षं खेळलो तिथं. कर्णधार होतो. तुम्ही एक सामना बघायला आला नाहीत.”

“कझाकस्तानात?” मोमिरला खरेच आश्चर्य वाटले. “तिथं मला कोण ओळखतं?”

हे त्याने चिडून म्हटले नव्हते, टोमणा म्हणूनही नव्हते. जे वाटले ते तो बोलला होता. तीस वर्षे ज्या माणसाच्या नजरेत भरायला तो पळत होता, त्या माणसाने त्याच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. पाहिले होते ते फक्त लोक आपल्याकडे बघतायत की नाही ते.

“चल,” मोमिर म्हणाला. “पाहुणे बसलेत.”

आत येऊन मोमिरने ग्लास उचलला. सगळे उठले. “संताच्या नावानं,” तो म्हणाला, “आणि लिवत्सच्या नावानं. आमच्या रेल्यानं ठरवलंय, आता थांबायचं. गुडघा साथ देत नाही. जर्सी तो आज मानानं परत करतोय, आपल्या माणसांच्या हातात.”

अध्यक्षांनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. “मोठा निर्णय,” ते म्हणाले आणि पहिल्यांदा रेल्याकडे बघून हसले. “मोठ्या बापाचा मुलगा!”

“मोमिर,” रादोय्का दारातून म्हणाली, “आज नको. संताची मेणबत्ती जळतीये.”

“आजच. जा रे, घेऊन ये.”

जर्सी वरच्या खोलीत रेडिएटरवर वाळत होती. रादोय्कानेच मानेवरचा डाग चोळून धुतली होती. जिना चढताना रेल्याला वाटले, खिडकीतून फेकून द्यावी, चुलीत घालावी, अंगात चढवून खाली जावे. यातले काहीच त्याने केले नाही. घडी घालून खाली आणली आणि बागेरला न देता बापापुढे धरली.

मोमिरने ती झटकून उलगडली आणि बागेरकडे दिली. बागेरने दोन्ही हातांनी घेतली, पाठ वर केली, ‘पाउनिच’ आणि खाली दहा. मग तो एकदम शाळेतल्या पोरासारखा अवघडला.

“काका, एक विचारू? यावर तुमची सही मिळेल? क्लबच्या खोलीत काचेत लावतो.”

“आहे का पेन?”

पेन होते. जाड काळे, कापडावर उमटणारे. घरून घेऊन आला होता. पण टेबलावर तळहाताएवढी जागा नव्हती. सारमाचे पातेले, डुकराचे ताट, बाटल्या, पावाचे तुकडे. मोमिरने इकडे तिकडे पाहिले.

“रेल्या, जरा वाक.”

रेल्या वाकला. का वाकला हे त्याला पुढे कधीही स्वतःला सांगता आले नाही. त्या आवाजाने वाक म्हटले की वाकायचे, डाव्या पायाने मार म्हटले की मारायचे, घरी ये म्हटले की यायचे, एवढेच त्याच्या अंगाला माहीत होते. मोमिरने जर्सी त्याच्या पाठीवर पसरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि लिहू लागला. रेल्याला प्रत्येक अक्षर पाठीवर कळत होते. मधेच पेन उमटेना, तेव्हा मोमिरने जोर दिला.

“हलू नको,” तो म्हणाला.

बागेरच्या एका पोराने मोबाइलवर फोटो काढला. देसांका “शी!” म्हणाली, पण हळू. रेल्याला जमिनीवरच्या सतरंजीची लाल किनार तेवढी दिसत होती, आणि त्याला मरणाची लाज वाटत होती. बापाची नव्हे, त्या पाठीची.

सही झाल्यावर टाळ्या वाजल्या. मोमिरने जर्सी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. आडनावाच्या बरोब्बर वर, मोठ्या झोकात, ‘मोमिर’ असे लिहिले होते. आता ती जर्सी दुसऱ्या कुणाची असू शकली असती असे वाटतही नव्हते.

रेल्या ताठ झाला. त्याने सगळ्यांचे ग्लास पुन्हा एकदा भरले, रिकामी ताटे स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. रादोय्काने त्याचा हात धरला, त्याने तो हळूच सोडवून घेतला. “आई, तुझी सारमा छान झाली होती,” तो म्हणाला. मग वर जाऊन त्याने बॅग भरली आणि कोट घालून खाली आला.

पाहुणे निघायला लागले होते. दाराशी रांग लागली होती आणि मोमिर पुन्हा आपल्या जागी उभा होता, गाल राकियाने आणि कौतुकाने लाल झालेले. एकेकाचा हात दोन्ही हातांत घेऊन तो “आलात, घराला शोभा आली” हे एकच वाक्य म्हणत होता. बागेर गेला, त्याची पोरे गेली, काखेत जर्सी घेऊन. त्यांच्या मागे रेल्या उभा होता, आणि रेल्याच्या मागे अध्यक्ष प्रोकिच.

रेल्याने टोपी काढली आणि परका पाहुणा धरतो तसा हात पुढे धरला. “यजमान, तुमच्या घरावर संताची कृपा राहो. निघतो मी.”

मोमिरची नजर आधी बॅगेवर गेली, मग लेकाच्या तोंडावर. ओठ थोडे हलले. रेल्या थांबला. त्या क्षणीही, एवढे होऊनही, तो थांबला, हे आपण त्याच्याबद्दल सांगायला पाहिजे. पण मागे अध्यक्ष बघत होते. मोमिरने हात हातात घेतला, दोनदा हलवला आणि हसला.

“आलात, घराला शोभा आली,” तो म्हणाला, आणि अध्यक्षांकडे वळला.